बिनहळदीचं कालवण

गेली तीस-एक वर्षं मी भटपणा करतो आहे, आणि एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून एकही अक्षर अशुद्ध गेलेलं नाही. ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ, विसर्ग जिथल्या तिथे. पेणपासून उरणपर्यंत कुणालाही विचारा. पुढे जे सांगणार आहे ते मात्र विचारू नका, कारण ते कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही. ज्यांनी मला शिकवलं त्या गुरुजींना नाही. ज्या देवासमोर रोज सकाळी बसतो त्यालाही मी होऊन कधी सांगितलेलं नाही. त्याला आपोआप कळत असेल तर तो त्याचा प्रश्न.

मी एकदा खोटं बोललो. अतिशय शुद्ध उच्चारात.

आता लगेच ते सांगून मोकळं व्हावं, नाही का? पण इतकी वर्षं गिळलेली गोष्ट अशी एकदम वर येत नाही. आधी थोडं इकडचं-तिकडचं सांगतो. वेळ काढतोय, हे मला कळतंय. तुम्हालाही कळू द्या.

खाडीकाठची सात-आठ गावं माझ्याकडे आहेत. पूर्वी इथे मिठागरं होती आणि भातशेती. आता जमीन बरीचशी बंदराच्या आणि गोदामांच्या पोटात गेली आणि गावं ट्रेलरच्या धंद्यावर उभी राहिली. भटाला घर जेवढं दिसतं तेवढं डॉक्टरलाही दिसत नाही. डॉक्टर एका खाटेपुरता. मी बारशाला जातो, साखरपुड्याला जातो, वास्तुशांतीला जातो आणि दहाव्यालाही जातो. माझी मोटरसायकल दारात लागली की आतून हाक येते, ‘भटजी आयला, सुकट आत टाक!’ — आणि अंगणात वाळत घातलेली सुकट चोरीच्या मालासारखी घरात जाते. वास मागे राहतो. तो वास मला आवडतो. पण आजचा कबुलीजबाब त्याचा नव्हे.

घरं म्हणाल तर पुढून ग्रॅनाइटच्या पायऱ्या, रोमन राजाला शोभतील असे खांब, हॉलमध्ये झुंबर, आणि सोफ्यावरचं प्लॅस्टिक दुकानातून आलं तसंच. त्या हॉलमध्ये कुणी राहत नाही. घर राहतं मागे, पत्र्याच्या पडवीत. चूल तिथे, म्हातारी तिथे, भांडण तिथे आणि हसणंही तिथेच. पुढचा भाग पाहुण्यांचा, पुढाऱ्यांचा आणि माझा. सत्यनारायणाला यजमान कडक इस्त्रीचं सोवळं नेसून बसतो आणि पोथी अर्ध्यावर आली की मोबाइल कानाला लावून ट्रेलर कुठल्या गेटवर अडकलाय ते विचारतो. मी वाचत राहतो, तो बोलत राहतो. एकमेकांच्या धंद्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही.

मी वाचणारा माणूस आहे. पोथ्यांपेक्षा इतर पुस्तकं जास्त. शुभ-अशुभावर माझा विश्वास विशीतच उडाला. राहुकाळात मी दाढी करतो, अमावास्येला प्रवास करतो, मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ देतो. मग हा धंदा का करता, असं विचाराल. पोटासाठी. हे उत्तर मी नेहमी देतो आणि ते ऐकून लोक समंजसपणे मान हलवतात. पण ते पुरतं खरं नाही. मी बोलायचा थांबलो की अख्खं घर थांबतं, मी संस्कृतात काही म्हटलं की पन्नाशीचा बाप्या लहान पोरासारखा बघायला लागतो — ते मला आवडतं. दुसऱ्यांच्या झुंबरांना हसणाऱ्या माणसाचं हे झुंबर.

आता बामाबाय.

या गावांतली लग्नं पूर्वी भटाची नव्हतीच. ती धवलारणीची. धवले म्हणजे लग्नविधींची गाणी, आणि ती गात गात सगळे विधी पार पाडणारी बाई ती धवलारीण. मांडव पडल्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत कशामागून काय करायचं, ते ती गाण्यातूनच सांगायची. मला बोलवायचे ते अंतरपाटापुरतं. आधी दोन-तीन दिवस ती, मध्ये घटकाभर मी, पुढे पुन्हा ती.

बामाबाय आमच्याकडची धवलारीण. ती फार गुणी वगैरे होती असं म्हणून मी तुमचे डोळे ओले करणार नाही. गळा फुटका होता. धवला मध्येच विसरली की मागच्या लग्नातल्या नवरीचं नाव ठोकून पुढे जायची. चहात साखर कमी पडली तर मांडवातून ओरडायची. मानाची साडी उलटून-पालटून बघायची आणि पसंत नसली तर यजमानिणीच्या तोंडावर सांगायची, ‘ही तुझ्या जावेला दे, तिला शोभल.’ तरुणपणीच तिचा नवरा मिठागरावर साप चावून गेला होता. पण हळदीचं पहिलं बोट नवरदेवाच्या कपाळाला तिचंच लागायचं. ती विधवा आहे, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. धवलारीण ती धवलारीण.

लहानथोर सगळ्यांना तिचं अरे-तुरे. मलाही. ‘काय रं भटा, आज किती लगनं घेतलीस? दमला का तुझा घोरा?’ घोरा म्हणजे माझी मोटरसायकल. हे ती भर मांडवात विचारायची आणि लोक हसायचे.

जनार्दन शेठच्या रूपेशचं लग्न असंच लग्नसराईत होतं. जनार्दन शेठ म्हणजे लहानपणी बापाबरोबर मिठागरावर मीठ ओढलेला माणूस. तेव्हा त्याचे तीन-चार ट्रेलर बंदरात फिरत होते. त्या दिवशी मी तीन लग्नं घेतली होती. सकाळचं अलिबागला, गोरज मुहूर्ताचं उरणला, आणि या दोहोंच्या मध्ये रूपेशचं. पंचांगात त्या दुपारी मुहूर्त नव्हता. मी तो अलिबागहून निघून, वडखळचा ट्रॅफिक धरून कधी पोचेन, यावरून काढला. सगळेच काढतात. — नाही, हे वाक्य मी मागे घेतो. सगळे काय करतात ते सांगायला मी बसलेलो नाही.

एवढं करूनही मी उशिरा पोचलो. माणसं उन्हानं कावली होती, नवरदेवाच्या कपाळावरची हळद घामानं ओघळली होती. मी मोटरसायकल लावतोय तोच मांडवातून बामाबायचा आवाज आला.

‘भटाचा मुहूर्त नि यष्टी, येल तवाच खरी!’

मांडव फुटला हसून. जनार्दन शेठ हसला, मुंडावळ्यांच्या आडून रूपेश हसला, आतल्या खोलीतून मनीषाही — ती नवरी — हसलेली मला ऐकू आली. मीही हसलो. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो.

त्या हसण्याचा मी पुढे सूड घेतला, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. कारण सूड म्हटलं की त्याला थोडीफार इभ्रत असते. अपमान झाला, माणूस पेटला, हातून घडलं. पण तो सूड नव्हता. ती साधी भीती होती, चोरी पकडली जाण्याची.

वर्षही झालं नव्हतं. बंदराच्या रस्त्यावर अंधारात एक बिघडलेला ट्रेलर उभा होता. ट्रेलरला मागचे दिवे नव्हते, रस्त्याला खांब होते पण दिवे नव्हते. रूपेश मोटरसायकलवरून घरी येत होता. कारण शोधायला पंचांग उघडायची काही गरज होती का, तुम्हीच सांगा.

तेराव्याला सगळं आटोपल्यावर पुरुषमंडळी पुढच्या हॉलमध्ये झुंबराखाली बसली होती. बायका मधल्या खोलीत, दार उघडं. दाराशीच मनीषा बसलेली, जेमतेम तेविशीची. तिच्या शेजारी बामाबाय, मनीषाचा हात आपल्या हातात धरून. जनार्दन शेठ कुणाकडेच बघत नव्हता. बोलला तो रूपेशचा चुलता. म्हणाला, ‘भटजी, मी तवाचं कॅलेंडर काढून बघलं. लगनाच्या दिवशी दुपारचा मुहूर्तच न्हवता.’

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग जनार्दन शेठनं मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, ‘भटजी, खरं सांगा. मुहूर्तान काय चुकलं का तुमचं?’

तो मला दोष देत नव्हता. हे मी तुम्हाला बजावून सांगतो, कारण मी स्वतःला नेमकं उलटं सांगत आलो. तो विचारत होता. पोरगा गेलेल्या बापाला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगायचा अधिकार त्याच्या लेखी माझा होता. मी म्हणू शकलो असतो, ‘शेठ, माणूस मुहूर्तानं मरत नाही. दिवा नसलेल्या ट्रेलरनं मरतो.’ माझा विश्वासही तोच होता. नाहीतर म्हणू शकलो असतो, ‘हो, मुहूर्त मी माझ्या सोयीनं काढला.’ पहिलं म्हटलं असतं तर माझा धंदा खोटा ठरला असता. दुसरं म्हटलं असतं तर मी. माझं पाप मुहूर्त चुकवण्याचं नव्हतंच, मुहूर्तच मी मानत नाही. आणि तरी जी गोष्ट मी मानत नाही तिच्या आरोपातून सुटण्यासाठी मी दुसरी, त्याहून न मानण्यासारखी गोष्ट उचलली आणि एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवली. वाचलेल्या पुस्तकांचा एवढाच उपयोग झाला. कुठली अंधश्रद्धा कुठे लागू पडेल, ते मला पटकन सुचलं.

मी म्हणालो, ‘मुहूर्ताला बोल लावू नका. हळदीचं पहिलं बोट कुणाचं लागलं होतं ते आठवा.’

आणि मी डोळे मिटून एक श्लोक म्हटला. चारही चरण, संथ लयीत. तोंडात आला तो म्हटला. त्या श्लोकात हळद नव्हती, लग्न नव्हतं, विधवा नव्हती. अर्थ मी वरून लावला. ज्या वराला विधवेच्या हातची हळद लागते त्याला वर्ष पाहायला मिळत नाही, असं शास्त्र सांगतं, म्हणालो.

कुणीही काही विचारलं नाही. याचा मला आजही संताप येतो — त्यांचा नव्हे, असं म्हणायला हवं, पण त्यांचाही येतो! चार-चार ट्रेलरचे हिशेब तोंडपाठ असलेली माणसं, बंदरात कस्टमच्या साहेबाला दहा प्रश्न विचारणारी माणसं. त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की भटजी, मग या गावात आजवर जेवढी लग्नं झाली, त्या सगळ्या नवऱ्यांना बामाबायचीच हळद लागली होती, ते सगळे कसे जिवंत? तुमच्यासमोर बसलेत ते कोण? त्यांच्या स्वतःच्या कपाळांवर तिचं बोट लागलेलं होतं. जनार्दन शेठच्याही, किंवा तिच्या आधीच्या धवलारणीचं, जी तितकीच विधवा होती.

मी डोळे उघडले तेव्हा बामाबायनं मनीषाचा हात सोडला होता. झटकला नाही. भरलेलं ताट खाली ठेवावं तसा जपून तिच्या मांडीवर ठेवला, आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. मनीषा आपल्या त्या हाताकडे बघत राहिली. तिच्याही लक्षात आलं असणार. मी जी रेघ नुकतीच ओढली होती तिच्या पलीकडे बामाबाय एकटी नव्हती. तेरा दिवसांपासून तीही होती.

पुढचं सगळं फार सोपं झालं. खोटं एकदाच बोलावं लागतं. नंतर गाव त्याची काळजी घेतं. बामाबायला बोलावणी यायची थांबली. आमच्या गावात आधी, मग खाडीपलीकडे. कुणी तिला वाईट बोललं नाही, उलट वाटेत भेटली की पहिल्यापेक्षा जास्त आदरानं बोलायचे. लग्नांत तिच्या जागी ध्वनिमुद्रित धवले लागू लागले. त्यांत नवरीचं नाव चुकत नाही, कारण नवरीचं नावच नसतं. माझी घटकाभराची जागा मात्र वाढत गेली. मुहूर्तमेढ माझी झाली, हळद माझी झाली. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. पण आलेलं मी परतही केलं नाही.

आणि मग एके दिवशी ती माझ्या दारात आली. मला वाटलं भांडायला आली. भांडली असती तर? तर कदाचित मी चिडून काहीबाही बोललो असतो आणि त्या बोलण्यात कुठेतरी खरं निसटलं असतं. ती पायरीवर बसली. बायको चहा टाकायला आत गेली, आणि बामाबाय म्हणाली, ‘भटजी, तुमी बोल्लाव ते पोथीन हाय?’

तुमी. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा ‘तुमी’ म्हणाली. पुढेही तेच.

‘आहे,’ मी म्हटलं.

‘कंच्या?’

मी एका पोथीचं नाव सांगितलं. ती पोथी कुठेच नाही. नाव जरा लांबलचक केलं, शेवटी ‘सार’ लावलं.

तिनं आपले तळवे उलटून बघितले. मग म्हणाली, ‘मंग आसल. मना काय ठावं? तो पोर माझ्या पुढ्यान रांगलेला, भटजी. आता यावर कायतरी सांगा. मना हे घेऊन मरायचं न्हाय.’

म्हणजे कळलं ना? तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता! ज्या बाईनं माझा मुहूर्त भर मांडवात एसटीच्या रांगेला नेऊन बसवला, तिनं माझ्या श्लोकावर विश्वास ठेवला. मी तिचं काम काढून घेतलं एवढंच समजून चाललो होतो. आणि इथे ती रूपेशला आपण मारलं असं धरून बसली होती आणि माझ्याकडे प्रायश्चित्त मागायला आली होती. माझ्याकडे!

आतून कपांचा आवाज येत होता. बायको येण्यापूर्वी ती उठावी, एवढं एकच माझ्या मनात होतं. मी म्हटलं, ‘आता हळदीला हात लावू नका. देवाचं नाव घ्या.’

लग्नांना जाऊ नका, असं मला म्हणायचं होतं. ते तर आधीच थांबलेलं. म्हणजे मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त वाटेला लावलं. ती चहा न घेता उठली. चहा न घेता उठलेली बामाबाय मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

पाच-सहा वर्षं गेली असतील. तिच्या मुलानं नवं घर बांधायला घेतलं, त्याचा मुहूर्त सांगायला मी गेलो — हो, मुहूर्त. न कळवता गेलो, त्यामुळे सुकट आत गेली नव्हती आणि मला पुढच्या बाजूला बसवायलाही कुणी नव्हतं. मी सरळ मागच्या पडवीत पोचलो. बामाबाय जेवत होती. चुलीवर दोन भांडी होती. मोठ्यात नेहमीचं कालवण, लालपिवळं, वर तेलाचा तवंग. आणि एक लहानसं पातेलं, त्यातलं कालवण पांढरं. आजाऱ्याच्या पेजेसारखं. तिच्या ताटलीतही तेच.

मी बघतोय हे पाहून सून म्हणाली, ‘आयचं येगलं असतं. ती हलद खात न्हाय. मावऱ्याला लावत न्हाय, जखमेला पन लावत न्हाय. कुन्या भटानं सांगलंय तिला.’ मग हसत, ‘भटांना काय, सांगाया काय जातंय!’

‘गप गो,’ बामाबाय म्हणाली. ‘बसा भटजी.’

मासे खाणाऱ्या माणसाला विचारा बिनहळदीचं कालवण म्हणजे काय ते. मी खात नाही, पण मला वास ठाऊक आहे आणि त्या पातेल्याला तो नव्हता. तिच्या टाचांना मिठागरावरच्या भेगा होत्या, काळ्याशार, उघड्या. त्यांनाही हळद नाही. पाच-सहा वर्षं, दोन्ही वेळच्या जेवणात, एका वाक्याची शिक्षा ती स्वतःच्या हातानं शिजवून खात होती. आणि ते वाक्य मी चहा येण्याआधी तिला उठवण्यासाठी बोललो होतो.

तेव्हा सांगता आलं असतं. सून होती, मुलगा येतच होता, साक्षीला माणसं होती. मी मुहूर्त सांगितला. उत्तम निघाला, त्या दिवशी मला दुसरं काही नव्हतं.

मनीषाचं सांगायचं राहिलं. तिच्या धाकट्या बहिणीच्या हळदीला तिला मागच्या खोलीत बसवलं होतं. माझ्याच नियमानं. त्या हळदीला भट मीच. पुढे ती सासर सोडून न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला लागली, स्कूटरवरून ये-जा करते. मला ओळख देत नसे. गेल्या वर्षी बामाबाय गेली, तेव्हा दहाव्याला ती खाडीवर आली. पिंड मीच मांडत होतो. सगळे जरा बाजूला झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘गुरुजी, मी दर आयतवारी जायची तिच्याकडं. ती मना बोलायची, बाय, तुझा नवरा मीच खाल्ला, माफ कर. मी बोलायची, आजी, ट्रेलर व्हता तो. ती बोलायची, पोथीन ट्रेलर न्हाय.’

एवढं सांगून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. ती उत्तराची वाट बघत होती. मी तिला म्हटलं, ‘जरा सरक, पिंडावर सावली पडतेय.’

हे सगळ्यांत वाईट आहे असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. मग यंदाची लग्नसराई आली.

हळद आता विधी राहिलेला नाही, तो सोहळा झाला आहे. पाच गावांना जेवण, स्टेजवर पुढारी, वर ड्रोन, आणि छातीत धडधडेल असा डीजे. अशाच एका हळदीला मी पाहुणा होतो. भट होता पनवेलकडचा एक नवा गुरुजी. रेशमी सोवळं, कॉलरला माइक, आणि दोन मंत्रांच्या मध्ये संस्कृतीवर प्रवचन. नवरदेवाची आई हळदीची वाटी घेऊन पुढे आली. तिचा नवरा करोनात गेलेला. पोराला तिनं एकटीनं मोठं केलं होतं. तिनं बोट वाटीत बुडवलं आणि गुरुजींनी हात वर करून तिला थांबवलं. डीजे बंद करायला लावला. म्हणाले, माउली, भावना समजते, पण आपल्या शास्त्रात स्पष्ट सांगितलंय. आणि त्यांनी श्लोक म्हटला.

माझा श्लोक. चारही चरण. वर पोथीचं नावही घेतलं, शेवटी ‘सार’ असलेलं. श्लोक तेराव्याच्या वेळच्या कुणाच्या तरी मोबाइलमधून आणि नाव बामाबायच्या तोंडून फिरत गेलं असणार. माझा लावलेला अर्थ सांगितला, त्यात आणखी दोन वाक्यं घालून.

त्या बाईनं वाटी खाली ठेवली. बोटाला लागलेली हळद पदराला पुसली. डीजे पुन्हा सुरू झाला.

मी उठलो. गर्दीतून वाट काढत स्टेजवर गेलो. त्या गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला घेतलं. त्यांनी आदरानं कान पुढे केला, कारण या भागात उच्चारासाठी माझं नाव आहे. आणि मी त्यांना सांगितलं, की तिसऱ्या चरणातला दुसरा स्वर दीर्घ आहे, तुम्ही ऱ्हस्व म्हटलात.

त्यांनी वाकून नमस्कार केला. पुढच्या वेळेपासून नीट म्हणतो, म्हणाले. नीट म्हणतात, असं ऐकतो.

राहता राहिला तो श्लोक. तो माझ्या वडिलांचा. जेवण झालं की हात धुता धुता ते म्हणायचे, त्यामुळे लहानपणापासून माझ्या तोंडात बसला आहे. त्यात एवढंच सांगितलंय की जेवणानंतर ताक प्यावं, पोट हलकं राहतं.